इलेक्ट्रिकल, ईएनटीसी की इन्स्ट्रु? ऑप्शन फॉर्म भरण्याआधीची तपासणी

एमएचटी-सीईटीचा निकाल लागला की महाराष्ट्रात घरोघरी शाखांची उतरंड आपोआप रचली जाते. सगळ्यात वर कॉम्प्युटर, मग आयटी, मग एआय जोडलेल्या शाखा, त्याखाली ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन), मग इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंटेशन आणि तळाशी मेकॅनिकल, सिव्हिल. ही उतरंड कटऑफची असते. गेल्या वर्षी ती जागा किती मुलांना हवी होती, एवढंच कटऑफ सांगतो. चार वर्षांनी त्या शाखेच्या पोरांना कोण कामावर घेणार, हे त्यात कुठेच नसतं.

भाचीच्या प्रवेशाच्या वेळी आम्ही हा क्रम बाजूला ठेवला. तिला सर्किटच्या बाजूला जायचं होतं आणि बऱ्यापैकी कॉलेजांत चार शाखा तिच्या आवाक्यात होत्या : इलेक्ट्रिकल, ईएनटीसी (मुंबईकर हिलाच ईएक्सटीसी म्हणतात), इन्स्ट्रुमेंटेशन आणि इलेक्ट्रॉनिक्स अँड कॉम्प्युटर. चारही शाखा दिसायला सख्ख्या बहिणी. नेटवर्क थिअरी, सिग्नल्स, कंट्रोल सिस्टीम, मायक्रोकंट्रोलर, लाप्लास आणि फुरियरवालं गणित हे थोड्याफार फरकाने सगळीकडे आहेच. फरक पुढे पडतो, आणि तो दोन ठिकाणी पडतो. एक, तिसऱ्या वर्षाच्या विषयांत. दोन, नोकरीच्या जाहिरातीतल्या पात्रतेच्या ओळीत. या दोन जागा तपासल्या की बाकीची बरीचशी चर्चा निकाली निघते.

आधी विषय. पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम बघण्यात काही अर्थ नाही, तो बहुतेक सगळ्या शाखांना जवळपास सारखाच असतो. कॉलेज विद्यापीठाशी संलग्न असेल तर विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून आणि स्वायत्त असेल तर कॉलेजच्याच संकेतस्थळावरून तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाचा अभ्यासक्रम उतरवून घ्यायचा. स्वायत्त कॉलेजांत हे फार महत्त्वाचं. शाखेचं नाव तेच असलं तरी एका ठिकाणी पॉवर इलेक्ट्रॉनिक्सला पूर्ण विषय आणि प्रयोगशाळा असते, तर दुसरीकडे तो विषय ऐच्छिकांच्या यादीत ढकललेला असतो. ऐच्छिकांच्या लांबलचक यादीवर भाळायचं नाही. त्यातले कोणते विषय गेल्या दोन वर्षांत खरोखर शिकवले गेले, हे विभागात फोन करून विचारावं. पंधरा विषय छापलेले आणि तीनच चालणारे, हे सर्रास दिसतं.

इलेक्ट्रिकलचा कणा म्हणजे मशिन्स, पॉवर सिस्टीम, स्विचगिअर अँड प्रोटेक्शन, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि ड्राइव्ह. ईएनटीसीचा कणा अ‍ॅनालॉग आणि डिजिटल सर्किट्स, इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स, कम्युनिकेशन, व्हीएलएसआय (चिपची रचना), एम्बेडेड (यंत्रात बसवलेले छोटे संगणक). इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये सेन्सर-ट्रान्सड्यूसर, प्रोसेस कंट्रोल, पीएलसी-डीसीएस (कारखान्यातल्या नियंत्रणाच्या संगणक प्रणाली), थोडं बायोमेडिकल आणि ऑप्टिकल. इलेक्ट्रॉनिक्स अँड कॉम्प्युटरमध्ये वरचे अर्धे इलेक्ट्रॉनिक्सचे विषय आणि सोबत डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस, नेटवर्किंग असतं. अर्ध्याच्या जागी कोणते विषय गाळले, हे मात्र नक्की बघावं. बहुधा इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स आणि कम्युनिकेशनचा एखादा पेपर गेलेला असतो.

गेट या, एम.टेक.च्या प्रवेशाला आणि काही सरकारी कंपन्यांच्या भरतीला लागणाऱ्या, परीक्षेच्या पेपरांचे अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवले तर हा फरक आणखी स्वच्छ दिसतो, कारण ते कुठल्याच विद्यापीठाच्या मर्जीवर अवलंबून नाहीत. ईईच्या (इलेक्ट्रिकल) पेपरात मशिन्स, पॉवर सिस्टीम आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आहेत, ते ईसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन) पेपरात नाहीत. ईसीत इलेक्ट्रॉनिक डिव्हायसेस आणि कम्युनिकेशन आहे. आयएनच्या (इन्स्ट्रुमेंटेशन) पेपरात मेजरमेंट्स आणि सेन्सर्सचा मोठा भाग आहे, आणि बाकीचा निम्मा पेपर ईई-ईसीशी जुळतो. बारावीच्या मुलाला यातलं काही कळणार नाही हे खरं. पण कोणत्या शाखेत तारा, रोहित्रं आणि मोटारी आहेत, कुठे चिप आणि अँटेना आहे, कुठे टाकीतल्या द्रवाची पातळी आणि पाइपातला दाब आहे, एवढं नक्की कळतं. आणि तेवढ्यावरूनच आवडनिवड बऱ्यापैकी ठरते.

आता पात्रतेची ओळ. सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा, आणि पालक नेमका इथेच घालवत नाहीत. आम्ही एका वहीत चार रकाने आखले आणि सरकारी व सार्वजनिक उपक्रमांच्या जुन्या भरती जाहिराती उतरवून घेऊन प्रत्येकीत शाखेचं नाव नेमकं काय छापलंय ते जसंच्या तसं लिहिलं. ढोबळ अर्थ लिहायचा नाही, शब्द लिहायचे.

यूपीएससीच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेला चारच विषयगट आहेत : सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, आणि इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन. इन्स्ट्रुमेंटेशनचा गट नाही, कॉम्प्युटरचाही नाही. इन्स्ट्रुमेंटेशनचा मुलगा बसू शकतो, पण दुसऱ्याच्या विषयांचा अभ्यास करून. इस्रोच्या सायंटिस्ट-इंजिनिअर भरतीत इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल आणि कॉम्प्युटर सायन्स या मुख्य शाखा. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षणार्थी भरतीत मात्र इन्स्ट्रुमेंटेशनला स्वतंत्र जागा असते, आणि तेलशुद्धीकरण कंपन्याही इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर वेगळे घेतात. पॉवर ग्रिड या केंद्राच्या वीज पारेषण कंपनीत इलेक्ट्रिकलच्या जागांसाठी इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स, पॉवर सिस्टीम, पॉवर इंजिनिअरिंग अशी नावं एकेक करून छापलेली असतात. आपल्याकडच्या महापारेषणमध्ये सहायक अभियंता पारेषण हे पद इलेक्ट्रिकलच्या पदवीला आणि सहायक अभियंता दूरसंचार हे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशनच्या पदवीला. दोन्ही पदं एकाच जाहिरातीत निघाली तरी जागांची संख्या बघा : पारेषणच्या जागांपुढे दूरसंचारच्या जागा मूठभर असतात.

यात एक सापळा आहे. गेटला कोणत्याही अभियांत्रिकी शाखेचा विद्यार्थी आपल्याला हवा तो पेपर देऊ शकतो. त्यामुळे मुलं म्हणतात, 'ईएनटीसी करतो आणि गेट ईईचा देतो, म्हणजे पॉवर ग्रिड उघडलं.' नाही उघडत. गेटचा गुण एक अट आहे, पदवीवरचं शाखेचं नाव ही दुसरी. अर्ज छाननीत दुसऱ्या अटीवर बाद होतो, आणि तोवर अभ्यासाचं एक वर्ष खर्च झालेलं असतं.

संमिश्र नावांच्या पदव्या याच जागी अडकतात. इलेक्ट्रॉनिक्स अँड कॉम्प्युटरची पदवी काही जाहिरातींत इलेक्ट्रॉनिक्सच्या यादीत असते, काहींत कॉम्प्युटरच्या, तर काहींत कुठेच नसते. जाहिरातीत 'किंवा समकक्ष' असं असेल तर समकक्षता सिद्ध करण्याची जबाबदारी उमेदवारावर येते. विद्यापीठाकडून पत्र आणा, ते मुदतीत आणा, आणि ते मान्य होईल अशी आशा ठेवा. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) २०१७ मध्ये मुख्य शाखा आणि त्यांना जुळणाऱ्या शाखांची यादी राजपत्रात दिली आहे, पण ती प्राध्यापक भरतीसाठी. प्रत्येक नोकरी देणारा ती पाळेलच असं नाही. शिवाय त्यानंतर निघालेल्या नव्या नावांच्या पदव्या तिच्यात कुठून असणार? तेव्हा सरकारी नोकरीचा विचार मनात थोडासाही असेल तर जुनं, साधं, एकशब्दी नाव घ्यावं. इलेक्ट्रिकल. सिव्हिल. मेकॅनिकल. खाजगी सॉफ्टवेअर क्षेत्राचाच विचार असेल तर संमिश्र नावाने काही बिघडत नाही. तिथे कॅम्पसला 'सर्किट ब्रँचेस' असा एकच गट धरतात आणि त्यात ईएनटीसी, इलेक्ट्रॉनिक्स-कॉम्प्युटर आणि बऱ्याचदा इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुही बसतात. तिथली खरी चाळणी दहावी-बारावी-पदवीला ६० टक्के आणि चालू बॅकलॉग (राहिलेले विषय) नसणे ही असते.

परवान्याचा मुद्दा फारसा कुणी काढत नाही, म्हणून इथे नोंदवतो. वीज कंत्राटदार किंवा विद्युत पर्यवेक्षक व्हायचं तर राज्य शासनाचा परवाना लागतो आणि त्यातल्या पर्यवेक्षकाच्या परवान्यासाठी सहसा शिक्षण इलेक्ट्रिकलचं लागतं. सोलरची कामं, कारखान्यांची उच्चदाब जोडणी, सोसायट्यांची सबस्टेशन्स अशा स्वतःच्या धंद्याचा विचार असलेल्या मुलाला ईएनटीसीची पदवी इथे उपयोगी पडत नाही, मार्क कितीही असोत.

खाजगी कामाचं स्वरूप शाखेगणिक खूप बदलतं. ते पगाराच्या आकड्याआधी समजून घ्यावं.

इन्स्ट्रुमेंटेशनचं काम म्हणजे रिफायनरी, रसायन, औषध, कागद, सिमेंट, वीजनिर्मिती. महाराष्ट्रात माहुल, तारापूर, पाताळगंगा, रोहा, महाड, लोटे परशुराम, कुरकुंभ या पट्ट्यांत प्रोसेस प्लांट भरपूर आहेत, आणि पुण्यात ऑटोमेशनच्या मोठ्या कंपन्यांची इंजिनिअरिंग केंद्रं आहेत. हनीवेल, एमर्सन, फोर्ब्स मार्शल ही ओळखीची नावं. नव्या इंजिनिअरच्या हातात पहिल्यांदा पी अँड आयडी, म्हणजे पाइपिंग आणि उपकरणांचा नकाशा येतो, मग आय-ओ लिस्ट (आत येणाऱ्या-बाहेर जाणाऱ्या सिग्नलांची यादी), मग पीएलसीचं लॉजिक, आणि शेवटी साइटवर लूप चेकिंग. ट्रान्समीटर ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल पाठवतो. शून्यापासून न सुरू होता ४ पासून सुरू होतो, कारण शून्य आलं म्हणजे तार तुटली हे लगेच कळावं. असे शेकडो लूप एकेक करून तपासायचे, रात्रपाळीत, शटडाउनच्या ठरलेल्या मुदतीत. कमिशनिंगला महिनोन् महिने बाहेरगावी राहावं लागतं. हे ज्याला आवडतं त्याला या शाखेत कामाची ददात नाही, आखाती देशांतही मागणी आहे. ज्याला पुण्यातल्या वातानुकूलित कचेरीतच बसायचंय त्याने ऑटोमेशन कंपन्यांच्या इंजिनिअरिंग केंद्रांचा विचार करावा, पण साइट पूर्ण टाळता येईल असं समजू नये. एक व्यावहारिक बाब : अनेक कारखाने 'इलेक्ट्रिकल अँड इन्स्ट्रुमेंटेशन' असा एकच देखभाल विभाग ठेवतात. तिथे दोन्ही शाखांची मुलं शेजारी बसतात, पण उच्चदाबाच्या कामाची सही इलेक्ट्रिकलवाल्याचीच चालते.

इलेक्ट्रिकलला जुनाट समजणारे लोक अजून आहेत. ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरमध्ये जाऊन बघा. तिथे सर्व्हरपेक्षा मोठी जागा रोहित्रं, डिझेल जनरेटर, यूपीएस, बॅटऱ्या आणि शीतकरणाने व्यापलेली असते, आणि ती चोवीस तास चालू ठेवणारा माणूस इलेक्ट्रिकलचा असतो. इलेक्ट्रिक वाहनांचे चार्जर आणि मोटर कंट्रोलर हे पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचं काम. सौर प्रकल्पांचे इन्व्हर्टरही तेच. जुना भाग, म्हणजे स्विचगिअर, रिले, ट्रान्सफॉर्मर, हा नाशिक आणि मुंबई-ठाण्याच्या कारखान्यांत आहेच. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरपेक्षा कमी असतो, हे गृहीत धरूनच यायचं.

ईएनटीसीची गोष्ट वेगळी. या शाखेतून बाहेर पडणाऱ्यांतले बरेच जण सरळ सॉफ्टवेअरला जातात. जे विषयातच राहतात त्यांच्यासाठी पुण्यात वाहनांच्या एम्बेडेड कामाला चांगला वाव आहे : सी भाषा, कॅन बस, ऑटोसार, आरटीओएस. केपीआयटीसारख्या कंपन्या यावरच उभ्या आहेत. चिपच्या डिझाइनचं काम बंगळूर, हैदराबाद, नोएडा या क्रमाने जास्त, पुण्यात कमी, आणि तिथे पदवीनंतर थेट शिरण्यापेक्षा एम.टेक. करून शिरणारे बरेच असतात. फ्रेशरला व्हेरिफिकेशनचं, म्हणजे चिपचं डिझाइन बरोबर आहे का ते तपासण्याचं, काम जास्त मिळतं, त्यासाठी सिस्टीमव्हेरिलॉग आणि यूव्हीएम यावं लागतं आणि ते कॉलेजात क्वचितच शिकवतात.

सेमीकंडक्टर मिशनच्या बातम्यांनी इथे बराच गोंधळ घातलाय. केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये ७६,००० कोटींची योजना जाहीर केली, धोलेऱ्याला टाटांची फॅब (चिप बनवण्याचा कारखाना), साणंदला मायक्रॉनचा प्रकल्प, आसामात जागीरोडला जुळणी-चाचणीचा कारखाना. ते वाचून पालक ईएनटीसीकडे वळतात. पण चिपचं डिझाइन आणि चिप बनवण्याचा कारखाना ही दोन वेगळी कामं आहेत. फॅबमध्ये केमिकल, मटेरियल्स, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि इन्स्ट्रुमेंटेशन या सगळ्यांना काम असतं : अतिशुद्ध वायू आणि पाणी, निर्वात पंप, हवेतले कण, अखंड वीज. जुळणी-चाचणीच्या कारखान्यात तर उत्पादन आणि गुणवत्तेची माणसं लागतात. त्यामुळे 'सेमीकंडक्टर येतंय' हे एकट्या ईएनटीसीच्या बाजूचं कारण होत नाही. एआयसीटीईने २०२३ मध्ये व्हीएलएसआयची वेगळी पदवी सुरू करण्यासाठी अभ्यासक्रम काढला आणि काही कॉलेजांनी ती सुरूही केली. माझं मत विचाराल तर पदवीला इतकं अरुंद होऊ नये. ईएनटीसी घ्यावं आणि व्हीएलएसआय ऐच्छिक म्हणून करावं.

कॉलेज पातळीवर काय तपासलं, ते थोडक्यात. एनबीएची (राष्ट्रीय मान्यता मंडळाची) मान्यता शाखेला असते, कॉलेजला नाही. नॅक संपूर्ण संस्थेला असते. तेव्हा 'आमचं कॉलेज एनबीए आहे' या वाक्याला 'कोणत्या शाखा?' असा प्रतिप्रश्न हवाच. नव्या शाखेच्या किमान दोन तुकड्या बाहेर पडल्याशिवाय एनबीएकडे जाताच येत नाही, म्हणून नवी शाखा मान्यतेशिवाय असेल तर तो दोष नाही, पण जुनी, पंधरा वर्षांची शाखा मान्यतेशिवाय असेल तर विचारावं. परदेशी जायचं असेल तर हे आणखी महत्त्वाचं. भारत २०१४ पासून वॉशिंग्टन कराराचा (देशोदेशींच्या अभियांत्रिकी पदव्या परस्परांनी मानण्याचा करार) पूर्ण सदस्य आहे, पण त्याचा लाभ एनबीएच्या टियर-१ मान्यतेलाच मिळतो आणि ती विद्यापीठं व स्वायत्त संस्थांसाठी आहे. जर्मनीत एम.एस. करायचं तर तिथली विद्यापीठं विषयवार क्रेडिट मोजतात. गणित आणि मूळ विषय कमी असलेली संमिश्र पदवी तिथेही अडखळते.

प्लेसमेंटच्या फलकावरचं सर्वोच्च पॅकेज सोडून द्यावं. एनआयआरएफ या केंद्राच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजांना त्यांची माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्यात चार वर्षांच्या पदवीसाठी प्रवेश किती, वेळेत उत्तीर्ण किती, नोकरी किती जणांना आणि पगाराचा मध्यक किती, हे असतं. आकडा शाखावार नसतो, ही त्याची मर्यादा. कॉम्प्युटरच्या जागा जास्त असलेल्या कॉलेजचा मध्यक त्यामुळे फुगतो. एआयसीटीईने २०२४-२५ पासून चांगल्या कॉलेजांसाठी शाखेच्या प्रवेशक्षमतेवरची मर्यादा काढली, त्यामुळे काही ठिकाणी कॉम्प्युटरच्या तुकड्या भराभर वाढल्या. तीनशे मुलांच्या कॉम्प्युटरपेक्षा साठांच्या इन्स्ट्रुमध्ये प्रयोगशाळेत हात लावायला मिळतो. तेव्हा शाखावार यादी विभागाकडून मागावी, आणि तिच्यात कंपनीसोबत पदाचं नाव आहे का बघावं. 'इलेक्ट्रिकलचे ४० प्लेस' यातले ३५ सॉफ्टवेअरला गेले असतील तर ते कळायला हवं.

आता प्रत्यक्ष ऑप्शन फॉर्म, म्हणजे पसंतीक्रमाचा अर्ज. कटऑफच्या पीडीएफमध्ये जीओपीईएनएच, जीओपीईएनओ, जीओपीईएनएस असे रकाने असतात. शेवटचं अक्षर एच म्हणजे गृह विद्यापीठ, ओ म्हणजे बाहेरचं, एस म्हणजे राज्यस्तर. पहिलं अक्षर एल असेल तर तो मुलींचा कोटा. नगरच्या मुलाने पुण्याचं कॉलेज बघताना एच बघायचा, नागपूरच्याने ओ. चुकीचा रकाना बघून 'आपल्याला मिळतंय' म्हणणारे दरवर्षी असतात. कंसातला आकडा पर्सेंटाइल, वरचा गुणवत्ता क्रमांक. दोन-तीन वर्षांचे शेवटच्या फेरीचे क्रमांकही पाहावेत, पहिल्या फेरीवरून निष्कर्ष काढू नये.

२०२५ पासून कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) चार फेऱ्या आहेत आणि त्यांत आपोआप फ्रीज होण्याचा नियम कडक झालाय. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तोच अंतिम. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी काही मिळालं की तेही अंतिम. अशी अंतिम झालेली जागा स्वीकारली नाही तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. नियम दरवर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचावीच. पण तत्त्व असं की वरचा क्रम स्वप्नांचा आणि खालचा सुरक्षित, हे खरं असलं तरी पहिले सहा पर्याय एकमेकांशी तोडीस तोड हवेत. 'कुठलंतरी मिळू दे' म्हणून सुरक्षित जागा तिसऱ्या क्रमांकावर टाकली तर ती दुसऱ्याच फेरीत गळ्यात पडते. उलट, मिळण्याची शक्यता नसलेला पर्याय वर टाकल्याने काहीच नुकसान होत नाही. वाटप गुणवत्तेने होतं आणि न मिळालेला पर्याय ओलांडून पुढे जातं.

शाखा आधी की कॉलेज आधी, याचा एकच नियम नाही. आम्ही आधी वहीतल्या रकान्यांवरून इलेक्ट्रॉनिक्स अँड कॉम्प्युटर काढून टाकलं. उरलेल्या तिघींत इलेक्ट्रिकलला वर ठेवलं. मग प्रत्येक कॉलेजसाठी विचारलं : इथली इन्स्ट्रु आणि तिथली इलेक्ट्रिकल, यात कुठली जागा मिळाली तर दुसरी फेरी नको वाटेल? अशा जोड्या लावत गेलं की यादी आपोआप लागते. बेटरमेंट घेतली, म्हणजे मिळालेली जागा धरून पुढच्या फेरीत वरच्या पर्यायाची वाट पाहिली, आणि पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळाला की आधीची जागा जाते, परत मिळत नाही, हे मुलाला आधीच सांगून ठेवावं. फॉर्म नुसता जतन करून चालत नाही, कन्फर्म करावा लागतो. टीएफडब्ल्यूएसची (शिक्षणशुल्क माफी योजनेची) जागा वेगळ्या कोडने भरायची असते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर शिक्षणशुल्क माफ होतं, पण त्या जागेवरून पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. ज्याच्या मनात 'आत्ता इन्स्ट्रु घेऊ, दुसऱ्या वर्षी बदलू' असं आहे त्याने हा कोड टाकण्याआधी थांबावं. तसंही दुसऱ्या वर्षी शाखाबदल रिक्त जागा आणि पहिल्या वर्षाचे गुण यांवर होतो, आणि बदलून हव्या असलेल्या शाखेत जागा रिक्त होतच नाही.

प्रवेशानंतर मायनरचा, म्हणजे मुख्य शाखेच्या जोडीला दुसऱ्या शाखेचे काही विषय घेण्याचा, पर्याय मिळतो : बऱ्याच ठिकाणी नेहमीच्या क्रेडिटच्या वर १८ ते २० जादा क्रेडिट. इलेक्ट्रिकलच्या मुलीने एम्बेडेड किंवा कॉम्प्युटरचं मायनर घेतलं तर खाजगी मुलाखतीत ते नक्की चालतं. जाहिरातीतल्या पात्रतेच्या ओळीत मात्र मुख्य शाखाच मोजतात, आणि शिवाय मायनरच्या विषयांच्या तासांमुळे तिसऱ्या वर्षाचं वेळापत्रक भरून जातं, म्हणून पहिल्या वर्षाचे गुण हातात आल्यावरच ते ठरवायचं असं आम्ही ठरवलं.